मुरमातलं पिवळं

ठाकुर्लीत ग्रॅनाइट नाही. म्हणजे जमिनीत नाही. इथे कुठेही पाया खणा, वर भरावाची माती, खाडीच्या बाजूला असाल तर चिखल, आणि त्याखाली काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मुंब्र्याचा डोंगर तोच आणि मलंगगडही तोच. ग्रॅनाइट आमच्याकडे येतो तो ट्रकमधून, पॉलिश होऊन, आणि थेट स्वयंपाकघरात ओट्यावर जाऊन बसतो. आमच्या लहानपणी रेल्वेच्या चाळीत कडप्प्याचा ओटा असायचा. मग ब्लॉक झाले, ब्लॉकमध्ये ग्रॅनाइट आला, आणि दोन वर्षांपूर्वी ग्रॅनाइटच्या मागोमाग एक मेसेज आला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतं, ओट्यातून किरण निघतात, गरोदर बायकांनी सांभाळा, दहा जणांना पाठवा, वगैरे. एरवी हसून सोडून दिला असता. पण वहिनीला तेव्हा पाचवा महिना होता, दादाने नुकताच लाल ग्रॅनाइटचा ओटा घातला होता, आणि सिंकच्या कडेला त्या ओट्यावर एक पिवळट डाग उमटायला लागला होता. साबणाने जाईना, लिंबाने जाईना. नेटवर बघितलं तर युरेनियमची खनिजं पिवळी असतात असं चक्क लिहिलेलं. झालं! ओटा काढायचा असं ठरलं. गवंड्याला फोनही झाला.

नेमके त्याच आठवड्यात काका नागपूरहून एका लग्नासाठी आले.

काकांबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं मूळ गाव गोंदिया जिल्ह्यात, आमगावजवळ. (1 मे 1999 पर्यंत तो सगळा भंडारा जिल्हाच होता, त्यामुळे बाबा शेवटपर्यंत "आम्ही भंडाऱ्याचे" असंच सांगायचे.) बाबा मध्य रेल्वेत लागले आणि इकडे आले. आत्या गावातच दिली. काका भूगर्भशास्त्र शिकले आणि अणुखनिज संचालनालयात लागले. देशात युरेनियम शोधणारी ही सरकारी संस्था, 1949 साली सुरू झालेली. मुख्यालय हैदराबादला, मध्य विभागाचं ऑफिस नागपूरला. काकांची उभी हयात पाठीवर पिशवी, हातात किरणं मोजायचं मशीन आणि पायाखाली मुरूम अशी गेली. आणि एवढ्या वर्षांत त्यांनी एक खडासुद्धा घरी आणला नाही. "तो सरकारचा दगड आहे," एवढंच म्हणायचे. आम्हा मुलांना याचा भारी राग यायचा.

तर काकांनी खिशातून भिंग काढलं (ते अजून खिशात असतं), ओट्यावर वाकले, मग सिंकखाली डोकं घालून बघितलं आणि म्हणाले, "अवो बाई, हा गंज आहे. खाली ब्रॅकेटचा बोल्ट गंजला, त्याचं पाणी दगडात झिरपून राहिलं. युरेनियमचा पिवळा असा मळका नसते."

वहिनी हुशार. ती एवढ्यावर ऐकणार नव्हती. तिने विचारलं, "मग तो कसा असतो? आणि दगडात आहे म्हणता तर दिसत का नाही?"

त्या दोन प्रश्नांवर काका रात्री साडेअकरापर्यंत बोलले. मला जे समजलं ते इथे लिहून ठेवते आहे. पुढे कोणी विचारलं तर परत शोधायला नको.

पहिली गोष्ट, ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतं हे खरं आहे. साधारण एका टनात 3-4 ग्रॅम. आपल्या बसाल्टमध्ये त्याहून बरंच कमी, टनाला एक ग्रॅमही नाही. याचं कारण मोठं गमतीचं आहे. जमिनीखाली खोलवर वितळलेला दगड हळूहळू थंड होतो तेव्हा त्यातून एकेक खनिज वेगळं होऊन घट्ट होतं. फेल्डस्पार, अभ्रक, गारगोटी. या तिघांत मिळून जवळजवळ सगळा ग्रॅनाइट आला. युरेनियमचा अणू मात्र या तिघांच्या जाळीत बसतच नाही. आकार जुळत नाही, विद्युतभार जुळत नाही. त्यामुळे तो शेवटपर्यंत उरलेल्या रसात राहतो आणि अगदी अखेरीस झिरकॉन, मोनाझाइट, अ‍ॅलनाइट अशा बारक्या, मिठाच्या खड्याहूनही लहान दाण्यांत घुसतो. क्वचित युरेनिनाइट म्हणून स्वतःचा काळा दाणा करतो. थोडाफार दोन दाण्यांच्या मधल्या सांदीत पातळ थरासारखा राहतो. म्हणजे लग्नाच्या गर्दीत सगळ्यांची जागा झाल्यावर उरलेले पाहुणे जसे जिन्यात, गॅलरीत झोपतात तसं.

आता ओट्याचा हिशोब. दहा फूट लांब, दोन फूट रुंद, 18 मिलिमीटर जाडीची फरशी धरली तर वजन सुमारे 90 किलो. त्यात युरेनियम सुमारे 0.3 ग्रॅम. तेही दगडभर विखुरलेलं आणि दाण्यांत कोंडलेलं. त्याचे किरण अगदीच नसतात असं नाही, पण जमीन, भिंती, आकाश आणि आपल्या स्वतःच्या शरीरातलं पोटॅशियम यांच्याकडून आपल्याला रोज जे मिळत असतं त्यापुढे ते नगण्य. आणि ज्यांचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे त्यांनी तर निर्धास्त राहावं, कारण तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. दगडाच्या बाजारात जे कठीण आणि ज्याला चकाकी चढते ते सगळं ग्रॅनाइट. काळा म्हणून विकतात तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे आपल्या बसाल्टचाच चुलतभाऊ. (उलट जुन्या कडप्प्याच्या ओट्याचं नाव ज्या कडप्पा जिल्ह्यावरून आलं, त्याच जिल्ह्यात तुम्मलपल्ले इथे आज युरेनियमची खाण आहे. त्या फरशीचा आणि त्या खाणीचा संबंध नाही, पण मेसेज लिहिणाऱ्याला कळलं तर काय करील सांगता येत नाही!)

ताज्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम दिसत नाही ते यामुळे. ते दिसायला लागतं दगड कुजल्यावर.

दगड कुजतो हे आपल्याला ऐकायला विचित्र वाटतं, पण खेड्यात कोणालाही विचारा, विहीर खणताना आधी माती लागते, मग मुरूम, मग कच्चा दगड आणि मग पक्का. लोणचं मुरतं तसा दगड मुरतो, असं मला त्या रात्री वाटलं. (शब्दाची व्युत्पत्ती म्हणून हे कोणी माझ्या नावावर खपवू नका.) आमगावच्या आसपासचा दगड दोनशे कोटींहून अधिक वर्षांचा. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत त्याला आमगाव नाइस म्हणतात, म्हणजे ग्रॅनाइटसारखाच पण दाबाखाली पट्टेपट्टे झालेला. आमच्या गावाच्या स्टेशनचं नाव जगभरच्या भूगर्भशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे हे मला चाळिशीत कळलं! तिथून पूर्वेला सालेकसा, दरेकसा ओलांडून गाडी डोंगरगडला गेली की डोंगरगडचा ग्रॅनाइट. त्या पट्ट्यात काका वर्षानुवर्षं हिंडले. तिकडे राजनांदगावच्या बाजूला बोदल, आणि पार सरगुजा भागात जाजावल, इथे युरेनियम सापडलेलं आहे.

पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली येतं, म्हणजे अगदी सौम्य सोडाच. सोबत ऑक्सिजन असतो. आधी काळा अभ्रक गंजतो, फुगतो आणि दगड आतून उचकटतो. मग फेल्डस्पार विरघळून त्याची पांढरी चिकणमाती होते. गारगोटी तेवढी तशीच राहते. दाणे सुटे होतात, तोच मुरूम. आणि इतका वेळ कोंडलेल्या युरेनियमपर्यंत पाणी पोचतं.

इथे काकांनी ओट्यावरच्या त्या गंजाकडेच बोट दाखवलं. म्हणाले, लोखंड आणि युरेनियम यांचा स्वभाव बरोबर उलटा आहे.

लोखंड पाण्यात विरघळलेलं असलं आणि त्याला ऑक्सिजन भेटला की ते खाली बसतं. गंज होतो, गेरू होतो, रामरज होते. एकदा बसलं की सहजी हलत नाही. म्हणून आपल्याकडचे डोंगर तांबडे. युरेनियमचं उलट. दगडात ते चार इलेक्ट्रॉन गमावलेल्या स्थितीत असतं, तेव्हा पाण्याला दाद देत नाही. ऑक्सिजन मिळाला की आणखी दोन इलेक्ट्रॉन जातात, सहा होतात, आणि मग त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ऑक्सिजन घट्ट चिकटून डंबेलसारखी एक जोडणी तयार होते. तिला युरेनिल म्हणतात. हे युरेनिल पाण्यातल्या कार्बोनेटचा हात धरतं आणि चक्क चालू लागतं. दगड सोडून, भेगाभेगांतून, उताराने.

सगळंच सुटतं असं नाही. झिरकॉन भलता चिवट, त्याच्यातलं युरेनियम दगडाची माती झाली तरी आत राहतं. सुटतं ते सांदीतलं, युरेनिनाइटमधलं, आणि अ‍ॅलनाइटसारख्या दाण्यांतलं. या दाण्यांची आणखी एक गंमत. आतल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गाने कोट्यवधी वर्षांत त्या दाण्याची जाळीच विस्कटून जाते, स्फटिकाची काच होते. मग पाण्याला वाट सोपी. म्हणजे भाडेकरूनेच घर आतून पोखरून ठेवलेलं असतं!

पण चालायला लागलेलं युरेनियम समुद्रापर्यंत पोचतंच असं नाही. वाटेत त्याला कोणीतरी भेटतं. अ‍ॅपेटाइट नावाचं खनिज ग्रॅनाइटमध्ये थोडंसं असतंच, तेही विरघळत असतं, त्यातून फॉस्फेट येतं. फॉस्फेट आणि कॅल्शियम मिळालं की युरेनिल थांबतं आणि भेगेत ऑट्युनाइट तयार होतं. फ्रान्समधल्या ऑटन गावावरून हे नाव. अभ्रकासारखे पातळ, चौकोनी पापुद्रे, लिंबासारखे पिवळे. कॅल्शियमऐवजी तांबं मिळालं तर टॉर्बर्नाइट, पाचूसारखं हिरवं. फॉस्फेट नाही पण फेल्डस्पार कुजून सुटलेली सिलिका आणि कॅल्शियम भरपूर असेल तर युरेनोफेन, बारीक पिवळ्या सुयांचे झुबके. व्हॅनेडियम भेटलं तर कार्नोटाइट, हळदीच्या पुडीसारखं. आणि यांतलं कोणीच नाही भेटलं तरी गंजाच्या पुटाला किंवा चिकणमातीला युरेनियम नुसतं चिकटून राहतं, रंग न दाखवता. उलट वाटेत कुजकी पानं-लाकडं किंवा पायराइट लागलं, जिथे ऑक्सिजन उरत नाही, तर ते परत चारवर येतं आणि काळं होऊन बसतं.

ही पिवळी-हिरवी मंडळी म्हणजे दुय्यम खनिजं. दुय्यम म्हणजे कमी दर्जाची नव्हेत, दुसऱ्या खेपेची.

आपल्या पावसाळ्याचा यात मोठा हात आहे. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते, मुरूम भिजतो, युरेनिल सुटतं. उन्हाळ्यात पातळी खाली जाते, भेगेतलं पाणी आटतं, द्रावण दाट होतं आणि भिंतीवर पापुद्रा धरतं. असं हजारो वर्षं. ऑट्युनाइटच्या दोन थरांत पाणी असतं, तेही वाळलं की पापुद्रे भुरभुरीत होतात. काका म्हणाले, पहाटे खणलेल्या खंदकात दिसलेला चकचकीत पापुद्रा दुपारच्या उन्हात निस्तेज पडलेला त्यांनी पाहिला आहे. अंधारात अतिनील दिवा धरला (नोटा तपासायला बँकेत असतो तसा) की ऑट्युनाइट हिरवट-पिवळं पेटतं. टॉर्बर्नाइट पेटत नाही, तांबं ती चमक मारून टाकतं. आणि गंज तर मुळीच नाही. वहिनीने लगेच मोबाइलचा टॉर्च काढला, पण त्याचा काही उपयोग नसतो. हळद मात्र त्या दिव्याखाली चमकते, त्यामुळे स्वयंपाकघरात असली परीक्षा करायची असेल तर आधी ओटा धुऊन घ्यावा, हा काकांचा सल्ला :-)

मग मी विचारलं, म्हणजे जिथे पिवळं दिसलं तिथे खाली खजिना, असंच ना?

काका हसले. सगळ्या नव्या पोरांना असंच वाटतं म्हणाले. पिवळं एवढंच सांगतं की इथून पाणी गेलं आणि इथे त्याला जोडीदार मिळाला. युरेनियम आलं कुठून ते वरच्या बाजूला शोधावं लागतं, बाकीचं गेलं कुठे ते खालच्या बाजूला. कधी पिवळ्याखाली काहीच नसतं, एवढासा दगड होता आणि तो धुऊन संपला. कधी खरंच असतं. तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यात लंबापूर आणि पेद्दगट्टू इथे ग्रॅनाइटवर श्रीशैलम क्वार्टझाइटचा थर आहे. तो साचण्याआधीच खालचा ग्रॅनाइट उघड्यावर कुजलेला होता. त्या दोघांच्या सांध्याला लागून, मुख्यतः खालच्या ग्रॅनाइटमध्ये, युरेनियम साठलं आहे. आपल्या सोलापूरच्या पलीकडे, यादगीर जिल्ह्यातल्या गोगीला प्रस्तरभंगाच्या कडेने चुनखडकात आणि त्याखालच्या ग्रॅनाइटमध्ये आहे. पण नुसत्या पिवळ्यावर विश्वास ठेवून कोणी खाण काढत नाही.

"आणि मशीन? ते कट-कट करतं ना?"

"मशीन तुले युरेनियम ऐकवत नाही, त्याची पोरं ऐकवते."

हे वाक्य मला फार आवडलं. त्यामागे मोठी गोष्ट आहे. युरेनियम स्वतः अतिशय सावकाश फुटतं. त्याचं निम्मं व्हायला जवळजवळ साडेचारशे कोटी वर्षं लागतात. फुटून थोरियम, मग रेडियम, रेडॉन, बिस्मथ असं घराणं चालतं, आणि मशीनला ऐकू येणारे जोरदार गॅमा किरण बहुतांश त्या खालच्या पिढ्यांचे, मुख्यतः बिस्मथचे. आता दगड कुजून युरेनियम निघून गेलं की पोरं मागेच राहतात, कारण थोरियम पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणजे जिथे मशीन ओरडतं तिथे युरेनियम कधीकाळी होतं, आता नसेलही. आणि जिथे ते नव्याने येऊन पिवळं होऊन बसलं आहे तिथे मशीन हळू बोलतं, कारण तिथे अजून पुढची पिढी झालेली नाही. त्या घराण्यातलं एक थोरियम अर्धं व्हायला 75,000 वर्षं घेतं, त्यामुळे नव्या जागी घर भरायला लाखो वर्षं जातात. म्हणून नुसतं मशीन ऐकून भागत नाही, नमुना प्रयोगशाळेत पाठवून युरेनियम वेगळं मोजावं लागतं.

मेरी क्युरीला रस्ता दाखवला तो अशाच एका दुय्यम खनिजाने. 1898 साली ती वेगवेगळी खनिजं मोजत होती. पिचब्लेंड आणि चाल्कोलाइट (टॉर्बर्नाइटचं तेव्हाचं नाव) यांचा किरणोत्सर्ग त्यांतल्या युरेनियमच्या मानाने जास्तच भरत होता. मग तिने शुद्ध रसायनांपासून स्वतः चाल्कोलाइट बनवलं. रंग तोच, घडण तीच, पण त्याचा किरणोत्सर्ग मात्र युरेनियमच्या हिशोबाइतकाच. म्हणजे नैसर्गिक दगडात आणखी कोणीतरी आहे! त्याच वर्षी जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम जाहीर झालं. जमिनीतल्या चाल्कोलाइटकडे वेळ होता, तिच्या बशीतल्याकडे नव्हता. फरक तेवढाच.

इथपर्यंत सगळे रंगून ऐकत होते. दादाने गवंड्याला नको म्हणून कळवलंसुद्धा. वहिनी पहिल्यांदाच त्या आठवड्यात मोकळी हसली. आणि काका एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "ओट्याचं सोड. ओटा म्हणजे ताजा दगड, तो काही सोडत नाही. गावात ताईच्या घरी बोर आहे, त्याचं पाणी कोणी तपासलं काय?"

कोणीच तपासलं नव्हतं. चवीला गोड पाणी, भर मे महिन्यात न आटणारं. तपासायचं सुचणार कोणाला?

पण त्या रात्रीच्या सगळ्या बोलण्याचा अर्थ तोच होता. दगडात काय आहे याची भीती बाळगण्यात अर्थ नाही, दगड काय सोडतोय ते बघायला हवं. पॉलिश केलेल्या फरशीत पाणी शिरत नाही. गावची बोर मात्र कुजत्या दगडाच्या भेगांतूनच भरते, आणि त्या भेगांत पाणी महिनोन् महिने, वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. युरेनिलला हवं असतं ते कार्बोनेटही त्यात असतं. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने आणि आपल्या भारतीय मानकानेही लिटरला 30 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. आणि तीसुद्धा मुख्यतः किरणांच्या भीतीने नाही. युरेनियम शिशासारखा जड धातू आहे, तो मूत्रपिंडाला त्रास देतो. पाणी उकळून तो जात नाही, उलट पाणी आटून थोडा वाढतोच.

काका लग्न झाल्यावर नागपूरला न थांबता थेट गावी गेले. स्वच्छ बाटल्या, बोर बराच वेळ चालू ठेवून मग भरलेलं पाणी, सगळं पद्धतशीर. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. बोरचं, आणि बोरमुळे वापरातून गेलेल्या आजोबांच्या जुन्या विहिरीचंही. पाण्यातलं युरेनियम मोजायचं यंत्र त्या पिवळ्या पापुद्र्याच्याच गुणावर चालतं, हे ऐकून मला नवल वाटलं. पाण्यात फॉस्फेटचं एक द्रावण घालतात, त्यावर अतिनील प्रकाशाचे झोत सोडतात आणि युरेनिल किती हिरवं चमकतं ते मोजतात. म्हणजे भेगेत जे हजारो वर्षांत घडतं, फॉस्फेटची आणि युरेनिलची भेट, ती इथे एका बाटलीत काही क्षणांत!

युरेनियम मर्यादेच्या आत निघालं. दोन्ही वेळा, दोन्हीकडे.

पण बोरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं. त्याची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. आमची बोर दीडच्याही वर होती. फ्लोराइड येतं ते त्याच दगडातून, त्याच अभ्रकातून आणि त्याच अ‍ॅपेटाइटमधून, जे कुजताना युरेनियमला फॉस्फेट देतं. ते पिवळं नसतं, चमकत नाही, मशीनला ऐकू येत नाही. त्याच्यावर कोणी मेसेज पाठवत नाही. आत्याच्या नातवाच्या पुढच्या दातांवर तपकिरी रेघा आहेत, त्या सगळ्यांनी पाहिलेल्या. गोळ्या-चॉकलेटं खातो म्हणून तो बिचारा बोलणी खात होता. आत्याचे गुडघे आखडलेत, ते वयामुळे असं आपण सगळेच म्हणत होतो. ते वयामुळे असेलही. गुडघ्यांचं आता कोणी सांगू शकत नाही. दातांचं मात्र दंतवैद्याने बघताक्षणी सांगितलं.

आता आजोबांची विहीर उपसून घेतली आहे. विहीर मुरमातली, उथळ, दर पावसाळ्यात नव्याने भरणारी, तिच्यात फ्लोराइड मर्यादेच्या आत आहे. पिण्या-स्वयंपाकाला तिचं पाणी, गाळून आणि क्लोरिन टाकून. बोर शेताला आणि धुण्या-भांड्याला. आत्या सुरुवातीला कुरकुरली, "एवढ्या वर्षांची बोर, काय झालं नाही मले." काकांनी तिच्याशी वाद घातला नाही. रोज सकाळी स्वतः विहिरीवरून दोन कळशा आणून ठेवायचे, महिनाभर. मग तिने सुनेला सांगितलं की पाणी विहिरीचंच भरत जा.

काकांना मी फोनवर म्हटलं, युरेनियम शोधायला गेलात आणि भलतंच सापडलं. म्हणाले, "आमच्या कामात नेहमी असंच होते. तुम्ही फक्त पाणी कुठून आलं ते पाहत जा, बाकी तेच सांगते."

तर नातेवाईक मंडळींनो, विशेषतः आमगाव, साकोली, देवरीकडची, आणि तळकोकणातलीही, जिथे जिथे आपल्या पायाखाली जांभ्याखाली किंवा मातीखाली हा जुना दगड आहे आणि घरी बोर आहे. एक काम करा. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा पाणी तपासून घ्या. फ्लोराइड आणि नायट्रेट तर नक्कीच, आणि युरेनियमची सोय जवळ असेल तर तेही. पाणी चवीला गोड आहे म्हणून सोडून देऊ नका. वहिनीची मुलगी आता चालायला लागली आहे, येत्या मे महिन्यात तिला पहिल्यांदा गावी नेणार आहोत, आणि विहिरीवर तोवर जाळी बसवायची आहे. कोणाकडे चांगला फॅब्रिकेटर असेल तर कळवा.